राहिलेले एक स्थळ

मुंबई मी दोनदा पाहिली, असे मी नेहमी म्हणतो. वास्तविक शाळेच्या कामानिमित्त माझे मुंबईस जाणे पुष्कळदा झाले. परंतु कामासाठी जाणे निराळे आणि पाहण्यासाठी जाणे निराळे. केवळ शहर पाहावे म्हणून मी मुंबईत दोनच दिवस घालविले. पहिला १९७६ सालच्या मे महिन्यातला. त्या दिवशी माझे वडील मला मुंबई दाखवीत होते. दुसरा १९९९ सालच्या मे महिन्यातला. त्या दिवशी मी माझ्या आईला मुंबई दाखवीत होतो. पहिल्या दिवशी एक स्थळ पाहावयाचे राहिले होते. ते दुसऱ्या दिवशी पाहून झाले.

आमचे गाव रत्नागिरीपासून चार कोसांवर. तांबडी, जांभ्या दगडाची जमीन. पावसाळ्यात भाताचे एक पीक निघाले की वर्षभर उतारावर गवत वाळत राहावयाचे. जमिनीचा तुकडा लहान आणि खाणारी तोंडे अधिक, त्यामुळे घरटी एक पुरुष तरी मुंबईस असे. माझे वडील १९५३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोटीने मुंबईस गेले आणि लालबागच्या एका कापडगिरणीत कामाला लागले. गणपतीला आणि शिमग्याला ते घरी येत. एरवी आमच्यासाठी वडील म्हणजे दर महिन्याची मनीऑर्डर.

पोस्टमन पायरीशी आला की आई हात पुसत बाहेर येई, अंगठा उमटवी आणि नोटा मोजून घेई. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या कडेला निरोप लिहिण्यापुरती एक चिठोरी असे. ती फाडून पोस्टमन माझ्या हाती देई, कारण घरात वाचता येणारा मी एकटाच होतो. मजकूर ठरलेला असे: पैसे पोहोचल्याचे कळवावे, आईच्या औषधाची हयगय करू नये, मुलाने अभ्यास करावा. मी तो मोठ्याने वाची. आई सारे ऐकून घेई, चिठोरीची घडी करी आणि तांदळाच्या मडक्यामागे ठेवलेल्या फडक्यात बांधून ठेवी. वाचता येत नसतानाही तिने त्या साऱ्या चिठोऱ्या का जपल्या, हे विचारण्याचे मला त्या वयात सुचले नाही.

“पुढच्या मे महिन्यात तुला मुंबई दाखवितो,” असे वडील दर गणपतीला आईला सांगत. परंतु दर मे महिन्यात काहीतरी निघे. कधी घराचे वासे बदलावे लागत, कधी आजीचे दुखणे वाढे, कधी माझ्या फीचे पैसे भरावयाचे असत. शिवाय गुरे कोणावर टाकून जाणार? आई कधी तक्रार करीत नसे. वडील रजेवर आले की रात्री अंगणात बसून ती मुंबईच्या गोष्टी विचारी, आणि वडील सांगत. मी त्या गोष्टी अर्धवट झोपेत ऐकत असे. आई मात्र त्या ध्यानात ठेवीत होती.

१९७६ साली मी शालान्त परीक्षा दिली आणि वडिलांनी मला मुंबईस बोलाविले. त्या वेळी कोकणात रेल्वे नव्हती. रत्नागिरीच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. लाटेबरोबर पडाव वर उचलला गेला की नेमक्या त्याच क्षणी बोटीच्या शिडीवर पाय ठेवावयाचा! एक रात्र डेकवर, पोत्यांच्या आणि वळकट्यांच्या गर्दीत काढून दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊच्या धक्क्यावर उतरलो. वडील धुतलेला पांढरा शर्ट आणि टोपी घालून उभे होते. त्यांनी एक दिवसाची बिनपगारी रजा घेतली होती.

त्या एका दिवसात त्यांनी मला केवढी मुंबई दाखविली! प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालय, गेटवे ऑफ इंडिया, राजाबाई टॉवर, शेवटी चौपाटी. “ही मुंबई म्हणजे पूर्वी सात बेटे होती,” ते मला म्हणाले, “मध्ये भर घालून एकच जमीन केली आहे.” १९६४ साली बंद झालेल्या ट्रामच्या रुळांची जागाही त्यांनी मला दाखविली. ते फक्त चौथीपर्यंत शिकलेले होते. पण शहर त्यांच्या पायांखालचे होते.

हुतात्मा चौकात मात्र ते बोलता बोलता थांबले. तेथे हातात मशाल घेतलेल्या शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पुतळा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण वेचले त्यांचे ते स्मारक. वडिलांनी टोपी काढली आणि क्षणभर उभे राहून ती पुन्हा डोक्यावर ठेवली. “एकवीस नोव्हेंबरला आम्ही इथेच होतो,” एवढेच ते म्हणाले. १९५५ सालच्या त्या तारखेला येथे गोळीबार झाला होता, हे मी इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते. पुस्तकातला इतिहास माझ्या शेजारी पायांत चपला घालून उभा आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. मला समुद्र पाहण्याची घाई झाली होती.

चौपाटीवर त्यांनी मला भेळ घेऊन दिली. “तुम्ही?” असे मी विचारले तेव्हा “मला भूक नाही” म्हणाले. संध्याकाळी बसने आम्ही लालबागला परतलो. गावातल्या लोकांनी मिळून घेतलेली एक खोली होती. भिंतीशी एकावर एक ट्रंका रचलेल्या. पंधरा माणसे त्या खोलीत पाळीपाळीने राहत. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की त्यांच्या जागेवर रात्रपाळीची माणसे झोपत. आम्ही खोलीच्या दाराशी पोहोचतो तोच कोठेतरी भोंगा वाजला. चाळीच्या छपरांच्या वर एक उंच चिमणी धूर सोडीत होती. “तुमची गिरणी कोणती?” मी विचारले. त्यांनी त्या चिमणीकडे बोट केले. “आपण ती पाहायची का?” असे मी विचारले.

“तिथे काय पाहायचे आहे?” ते म्हणाले. “कापसाचा धुरळा आणि साच्यांचा खडखडाट. तिथे पाहण्यासारखे काही नाही.”

मी आग्रह धरला नाही. आज खरे सांगावयाचे तर मला मनातून बरेच वाटले. रत्नागिरीच्या शाळेत माझ्या वर्गात वकिलांची, डॉक्टरांची, मामलेदारांची मुले होती. “तुझे वडील काय करतात?” असे कोणी विचारले की मी “मुंबईस कंपनीत आहेत” असे सांगत असे. गेटवे ऑफ इंडिया पाहिला हे मित्रांना सांगता येण्यासारखे होते. गिरणी पाहिली हे सांगण्याची मला इच्छा नव्हती. ज्या पैशांवर मी शिकलो ते पैसे जेथे मिळत, ती जागा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि मी ती न पाहता परत आलो.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार कामावरून दूर झाले. संपाचा शेवट असा कधी झालाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्या नाहीत, आणि हजारो माणसे ट्रंका उचलून आपापल्या गावी गेली. माझे वडील १९८३ च्या पावसाळ्याआधी घरी आले ते कायमचेच. त्याच वर्षी मी शिक्षक झालो. त्यांच्या नावाची मनीऑर्डर थांबली आणि माझा पगार सुरू झाला, म्हणून घर सावरले. त्यांचा खोकला मात्र गेला नाही. गावात भोंगा नव्हता, तरी पहाटे ठरल्या वेळी ते उठून बसत आणि म्हणत, “झाला वाटते.” १९९५ साली ते गेले. आईची मुंबई राहिली ती राहिलीच.

कोकण रेल्वे १९९८ साली रोह्यापासून मंगळुरापर्यंत पूर्ण सुरू झाली आणि मुंबई आमच्यासाठी एका रात्रीच्या अंतरावर आली. दुसऱ्याच वर्षीच्या मे महिन्यात मी आईला, पत्नीला आणि दोन्ही मुलांना घेऊन मुंबईस निघालो. तेव्हा आई साठीच्या घरात होती. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. मी शिक्षकाच्या सवयीप्रमाणे वहीच्या पानावर यादी केली होती: स्थळ, वेळ, तेथे सांगावयाची माहिती. सकाळी उतरावयाचे, दिवसभर हिंडावयाचे आणि रात्रीच्या गाडीने परतावयाचे.

रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे, असे मी मुलांना सांगितले. आई खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत होती.

“एवढा डोंगर कोणी पोखरला रे?” तिने विचारले.

“कोकण रेल्वेने, आई.”

“रेल्वेने कसा पोखरेल? माणसे असतील ना!”

मुले हसली. मीही हसलो. पण त्या दिवशी तिचा हा प्रश्न पुन:पुन्हा यावयाचा होता.

पहाटे आम्ही छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उतरलो. पूर्वीचे बोरीबंदर ते हेच. भारतातली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. आजची भव्य इमारत त्यानंतरची. १८७८ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि ते पुरे व्हावयास दहा वर्षे लागली. दगडात कोरलेली पाने, मोर, माकडे आणि वरचा घुमट पाहून मुले थक्क झाली. “ही इमारत स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाने बांधली,” मी म्हणालो. आई एका खांबावरच्या दगडी वेलीवरून हात फिरवीत होती. “एकट्याने?” तिने विचारले. मी यादीत पाहिले. यादीत स्टीव्हन्सचे नाव होते. त्या वेली कोरणाऱ्या कारागिरांपैकी कोणाचेही नव्हते.

हुतात्मा चौकातून जाताना मी मशालधारी पुतळा दाखविला आणि वडिलांनी मला सांगितलेले ते एक वाक्य आईला सांगितले. ती थबकली. “हे मला ते कधी बोलले नाहीत,” ती म्हणाली. तिने पुतळ्यातल्या कामगाराकडे बराच वेळ पाहिले, आणि मग रस्त्यातली गर्दी असूनही वाकून नमस्कार केला.

राजाबाई टॉवर तिला फार आवडला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने मुंबई विद्यापीठाला देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा २८० फूट उंच आहे. त्यांच्या आईची दृष्टी अधू होती. सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे तिचे व्रत होते, आणि या घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळे, अशी कथा सांगतात. मान मागे टाकून आईने वरपर्यंत पाहिले. “मुलाने आईची आठवण ठेवली,” ती समाधानाने म्हणाली. मी घड्याळात किती वाजले ते पाहिले आणि सर्वांना पुढे चालण्याची घाई केली.

दुपारी आम्ही गेटवे ऑफ इंडियाशी पोहोचलो. इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज १९११ साली येथे उतरले त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली. ती १९२४ मध्ये पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून परत गेली. हे सारे मी मुलांना रंगवून सांगितले. “म्हणजे यायला बांधले आणि जायला उपयोगी पडले,” मुलगा म्हणाला. मला त्याचे कौतुक वाटले. मी आईकडे वळून पाहिले, तर तिची पाठ कमानीकडे होती. ती समुद्राकडे पाहत होती.

“हे आपल्याकडचेच पाणी ना?” तिने विचारले. “रत्नागिरीची बोट कुठे लागायची?”

“ते इथून पुढे, भाऊच्या धक्क्यावर. आता आपल्याकडे बोट येत नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर सावरून म्हणाली, “आता मला तुझ्या बाबांची गिरणी दाखव.”

मी हातातल्या यादीकडे पाहिले. पुढे राणीची बाग होती. मुलांना तेथले प्राणी पाहावयाचे होते. नंतर चौपाटी होती. सायंकाळपर्यंतचा एकेक तास मोजून ठेवलेला होता. शिवाय ती गिरणी बंद पडून कित्येक वर्षे झाली होती.

“आई, ती आता बंद आहे,” मी म्हणालो. “तिथे पाहण्यासारखे काही नाही.”

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी चपापलो. तेवीस वर्षांपूर्वी ऐकलेले तेच वाक्य माझ्या तोंडून निघाले होते. वडिलांनी ते मला जपण्यासाठी उच्चारले होते. मी ते कशासाठी उच्चारीत होतो?

“इतक्या लांब आलो आहोत,” माझी पत्नी हळूच म्हणाली, “सासूबाईंनी आजवर कधी काही मागितले आहे का? बाग पुढच्या वेळी पाहू.”

मुले हिरमुसली. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तेव्हा कोठे त्यांचे चेहरे उजळले. लालबागच्या नाक्यावर आम्ही उतरलो. आणि तेथे माझी खरी फजिती झाली. गिरणी कोणत्या बाजूला, हे मला ठाऊक नव्हते. मी चिमणी शोधू लागलो. पण चिमण्या एक नव्हे, चार-पाच दिसत होत्या आणि एकीतूनही धूर येत नव्हता. कोणास विचारावे म्हणून मी इकडेतिकडे पाहतो तोच आई म्हणाली, “डाव्या हाताला वळायचे. पुढे पिंपळाचा पार लागतो. पाराच्या पुढे लांब दगडी भिंत. भिंत संपली की दरवाजा.”

जिने आयुष्यात प्रथमच या शहरात पाऊल ठेवले होते, ती माझी आई पुढे चालू लागली आणि आम्ही तिच्या मागून निघालो. अंगणातल्या रात्रींमध्ये ऐकलेली वाट तिने एकोणतीस वर्षे मनात जपली होती. डावीकडे वळल्यावर पार लागला. पिंपळ मात्र नव्हता. नुसताच पार होता. आई क्षणभर घोटाळली, पाराच्या दगडाला हात लावला आणि पुढे निघाली. मग लांब दगडी भिंत लागली. भिंत संपली तेथे लोखंडी दरवाजा होता, गंजलेला, बाहेरून साखळदंड घातलेला.

दिंडीदरवाजाशी स्टुलावर एक वृद्ध पहारेकरी बसला होता. “कोण पाहिजे?” त्याने विचारले.

“कोणी नको,” आई म्हणाली. “आमचे हे इथे साच्यावर होते. एकोणतीस वर्षे. नुसते बघायला आले आहे.”

पहारेकऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिले. “मावशी, गाव कुठले?”

“रत्नागिरीकडचे.”

“मी संगमेश्वरचा,” तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. “मीही साच्यावरच होतो. संपानंतर इथे दारावर बसलो. या.”

आवारात गुडघाभर गवत वाढले होते. समोर एक लांबच लांब कारखाना होता. त्याचे छप्पर करवतीच्या दातांसारखे होते. प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच बसविलेली. “ह्या काचा उत्तरेला तोंड करून असतात,” पहारेकऱ्याने मुलांना समजावून सांगितले, “म्हणजे ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. सूत तुटलेले डोळ्यांना दिसले पाहिजे ना!” आत साचे नव्हते. ते केव्हाच भंगारात गेले होते. ज्यांवर ते घट्ट बसविलेले होते ते लोखंडी खिळे तेवढे जमिनीतून वर आलेले, ओळीने शेवटपर्यंत दिसत होते. दोन ओळींच्या मध्ये हात-दीड हात रुंदीची वाट होती. ती वाट पावलांनी घासून गुळगुळीत झाली होती.

“दोन साचे एका माणसाकडे,” पहारेकरी सांगू लागला. “एक पुढे, एक पाठीशी. मधल्या या वाटेत आठ तास उभे राहायचे. आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचे तर हातांनी खुणा कराव्या लागत.”

आई त्या वाटेत जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात बाजूंना पसरून पाहिले. ते दोन्हीकडच्या खिळ्यांच्या वर आले. मग तिने वर पाहिले.

“वारा कुठून येत असे?”

“वारा नव्हताच, मावशी. खिडक्या बंद ठेवीत. वाऱ्याने सूत सुकते आणि तुटते. वरच्या नळांतून पाण्याची वाफेसारखी फवारणी चाले, हवा ओली राहावी म्हणून.”

“म्हणून तो खोकला,” आई म्हणाली. आणखी काही बोलली नाही.

मी शाळेत वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो होतो की, १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. येथली समुद्राकाठची दमट हवा सुताला मानवते, बंदर जवळ, कापूस पिकविणारा मुलूख पाठीशी, म्हणून हा धंदा येथे भरभराटला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली, हेही मी शिकविले होते. ‘दमट हवा’ हे दोन शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील! त्या दमट हवेत पिंजलेल्या कापसाचा धुरळा श्वासाबरोबर घेत एक माणूस एकोणतीस वर्षे उभा होता, आणि त्या माणसाने पाठविलेल्या पैशांतून मी तो खडू हाती धरण्यास शिकलो होतो.

मला माझा शाळेचा पांढरा सदरा आठवला. वडील गिरणीच्या दुकानातून सवलतीत मिळणारे कापड आणीत, आणि गावचा शिंपी त्याचे माझ्यासाठी दोन सदरे शिवी. याच कारखान्यात विणलेले कापड अंगात घालून मी वर्गात “माझे वडील कंपनीत आहेत” असे सांगत होतो.

मुलाने माझा हात ओढला. “बाबा, आजोबा इथे काम करीत होते? तुम्ही तर कंपनीत म्हणाला होता.”

म्हणजे ती गोष्ट मी मुलांपर्यंतही तशीच पोहोचविली होती! आई आमच्याकडे पाहत होती. मी त्याला जवळ घेतले आणि म्हणालो, “आजोबा इथे कापड विणीत असत. या इथे, आजी उभी आहे ना, तिथे उभे राहून. मी तुला सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, ही माझी चूक.”

मुलगा थोडा वेळ विचार करीत राहिला. मग तोही त्या वाटेत आजीच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि तिच्यासारखे हात पसरून पाहू लागला. त्याचे हात खिळ्यांपर्यंत पोहोचत नव्हते.

आम्ही बाहेर आलो. पहारेकऱ्याने एका कळकट लोट्यातून आम्हांला पाणी दिले. पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. निघताना आईने एकदा उंच चिमणीकडे पाहिले. “बस,” ती म्हणाली, “झाली माझी मुंबई पाहून.” चौपाटीला जावयाचे का, असे मी विचारले. ती म्हणाली, “मुलांना ने. मी वाळूत बसून राहीन.” चौपाटीवर मी सर्वांसाठी भेळ घेतली. आईने ती खाल्ली नाही. “मला भूक नाही,” म्हणाली. मी तिचे ऐकले नाही. तिच्या हातात पुडा दिला आणि ती संपवीपर्यंत तिच्यापाशी बसून राहिलो.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आई २०११ साली गेली. तिच्या फडक्यातल्या चिठोऱ्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ती गिरणी पाडली गेली. त्या जागी काचेच्या भिंतींची उंच इमारत उभी आहे. लांब दगडी भिंतही राहिली नाही. मुंबई पुष्कळ पुढे गेली. २००९ मध्ये समुद्रावरून वांद्रे-वरळी सेतू झाला, आणि २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्यापर्यंत खाडीवरून जाणारा अटल सेतूही खुला झाला. हे सेतू पाहावयास माझी नातवंडे उत्सुक असतात, आणि ते पाहण्यासारखेच आहेत. परंतु सेतू दिसला की त्यांच्यातली धाकटी हटकून विचारते, “आजोबा, हा हातांनी कोणी बांधला?” हा प्रश्न तिला मी शिकविलेला नाही, तिच्या वडिलांनी तो आपल्या आजीकडून घेतला.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. शाळेची सहल मुंबईस निघे तेव्हा स्थळांची यादी मीच करीत असे. बोरीबंदर, हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, गेटवे, वस्तुसंग्रहालय. यादीच्या शेवटी मी एक ओळ कोरी ठेवी आणि सहलीआधी वर्गात विचारी, “तुमच्यापैकी कोणाच्या घरचे माणूस मुंबईत काम करीत होते?” आमच्या भागात असा वर्ग नव्हता की जेथे हात वर झाले नाहीत. कोणाचे आजोबा गोदीत हमाल होते, कोणाची आजी खानावळ चालवीत होती, कोणाचे काका ट्राम हाकीत होते. आरंभी मुले संकोचाने हात वर करीत. दोन-चार हात दिसले की मग सारेच बोलू लागत. परतीच्या वाटेवर त्यांतल्या एका तरी जागेशी आमची बस पंधरा मिनिटे थांबे. कधी तेथे गिरणीची एखादी भिंत असे, कधी नुसताच नाका. मुलगा किंवा मुलगी खाली उतरे, बोट दाखवी आणि बाकीच्यांना सांगे, “इथे.”